चर बुजला, दादा

दादा, चर बुजला. बाकी काहीही बोलायच्या आधी तुला हे सांगायचं होतं. जो चर आण्णांना सबंध उन्हाळा आणि अर्धा पावसाळा बुजवता आला नाही, ज्याच्यासाठी कधी जेसीबीवाला मिळत नव्हता, कधी मुरूम मिळत नव्हता, कधी आण्णांची कंबर धरलेली असायची, तो चर तुझी तिरडी रानात न्यायची म्हटल्यावर तासाभरात बुजला. वर मुरूम पडला. मुरूम दाबूनही घेतला, खांदा देणाऱ्यांचे पाय रुतू नयेत म्हणून. पुढचा खांदा आण्णांचा होता. घरात दुसरा पुरुष नाही म्हणून तुला अग्नीही त्यांनीच दिला. हे सगळं मला तुझ्या जिवलग दोस्तानं, संभानं सांगितलं, कारण मी तेव्हा विमानात होते.

तुझ्याबद्दल चार चांगले शब्द लिही, असं मला सगळे सांगतायत. मन हलकं होईल म्हणतात. तू चांगला होतास हे अख्ख्या गावाला पाठ आहे, दादा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कुणाला उलट बोललास असं कुणी सांगून दाखवावं. तिथंच तर सगळा घोटाळा झाला. त्यामुळं माझ्याकडून आज गोडगोड काही येणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो मी दाबणार नाही. लहानपणी मी चावायची, तू ओरडायचा नाहीस, नुसता हात चोळत बसायचास. आपण दोघं तेव्हापासून असेच आहोत.

मी इथं आल्यापासून एकच गोष्ट मागत होते. आण्णांनी चार माणसांत स्वतःच्या तोंडानं म्हणावं, की चर मी मुद्दाम उघडा ठेवला. पोलिसात जायचं नाही, कोर्टात जायचं नाही. कुठल्या कलमात बसणार आहे हे? तुला चावलेला साप काही त्यांनी सोडला नाही. खड्डा त्यांच्याच रानाच्या कडेला. पण ते वाक्य मला हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत तुझं सुतक मी फिटू देणार नव्हते.

आण्णा म्हणजे आपल्या वडिलांचे, आबांचे, सख्खे थोरले भाऊ. आबा फौजेत असताना आपल्या रानाकडं बघणारे, आबा गेल्यावर आपल्याला शाळेला पोचवणारे हेच आण्णा. खोटं कशाला बोलू, मला सायकल त्यांनी शिकवली. पण गेल्या वर्षी त्यांना बांधालगतचा आपला तुकडा हवा होता आणि तू नाही म्हणालास. तेही हसत, चहा पाजून. तेव्हापासून त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पाइपलाइन टाकायची म्हणून गावातून आपल्या रानाकडं जाणारी गाडीवाट त्यांनी आडवी खणली. पाइप पडला, त्यांच्या उसाला पाणी सुरू झालं, चर तसाच राहिला. बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही, मोटरसायकल नाही. तू आपला ओढ्याच्या कडेनं वळसा घालून जायला लागलास, हातात दुधाची किटली घेऊन. जणू ती वाट कधी नव्हतीच.

हे मला कळलं तेव्हा मी सारायेव्होत होते. म्हणजे आपण दोघंही होतो. मे महिन्यातला तो शनिवार-रविवार तू माझ्याबरोबर फोनवर फिरलास, म्हणून मी त्याला आपली सहल म्हणते. मी शिकते त्या ग्राझच्या कॉलेजातून बसनं रात्रभराचा प्रवास. मी निघाले तेव्हा तू म्हणालास, "लोकं सुट्टीला देवाला जात्यात. तू लढाई बगायला चाललीस." मी म्हटलं, लढाई संपून तीस वर्षं होत आली. तू म्हणालास, "मग बगायचं काय?" आणि लगेच, "फोन लाव मला तिथनं. लाईट दिवसाची हाय या आठवड्यात, मी मोटरंपाशीच असतोय."

तुला लढायांचं भारी वेड. भरतीला तीनदा गेलास, तिन्ही वेळेला छाती भरली नाही. मग वय उलटलं आणि तू उसात शिरलास. पण कुठल्या देशात कोण कुणाशी का लढलं, हे तुला विचारावं. निम्मं खरं असायचं, निम्मं मोबाइलवरच्या कुठल्यातरी गड्यानं फेकलेलं, आणि तू दोन्ही सारख्याच ठामपणानं सांगायचास. सारायेव्होला चार वर्षं वेढा होता हे खरं सांगितलंस. तिथल्या लोकांनी नुसती बोरं खाऊन दिवस काढले हे कुठून आणलंस देव जाणे.

शनिवारी सकाळी मी किल्ल्याच्या चढावर उभी राहून तुला खालचं शहर दाखवलं. मधे नदी, दोन्ही अंगांनी डोंगर, उतारावर पांढऱ्या दगडांची कबरस्तानं. तू आंब्याखाली बसला होतास, मागं मोटर घुमत होती. म्हणालास, "ही तर कोयना गं. आजोळला घाटातनं खाली बगितलं की असंच दिसतंय." आणि मग, "वरनं मारायला लय सोपं." त्यानंतर मला ते शहर नुसतं बघताच येईना. प्रत्येक खिडकीकडं बघताना मी वर डोंगराकडं बघत होते.

खाली उतरून तुला सगळं दाखवलं. नव्या गिलाव्याच्या इमारतीला लागून गोळ्यांनी चाळण झालेली भिंत, तिच्या खालच्या मजल्यावर आइस्क्रीमचं दुकान, पोरं रांगेत. तांबट आळीत तोफेच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांवर नक्षी काढून विकणारा म्हातारा. तू म्हणालास, "एक घिऊन ये, आईला पाणी प्यायला." आई त्यात पाणी पिईल, असं तुला खरंच वाटलं होतं का?

आणि मग तो लाल डाग. भर रस्त्यात, ट्रामच्या थांब्याजवळ, तोफगोळा पडून माणसं मेली त्या जागेचा खड्डा. फुलाच्या पाकळ्यांसारखा फुटलेला, आणि त्यात लाल राळ ओतून घट्ट केलेली. असे कितीतरी आहेत शहरात, लोक त्यांना गुलाब म्हणतात. कुणी कडेनं जातं, कुणी भाजीची पिशवी घेऊन वरून जातं. पण दिसतो प्रत्येकाला. मी फोन खाली धरला तर तू म्हणालास, "परत दाव." तीन-चार वेळा दाखवायला लावलंस.

मग आपलं जुंपलं. तू म्हणालास, "चुकलं त्यांचं. खड्डा बुजवावा, वर डांबर घालावं आन मोकळं व्हावं. रोज जाता-येता त्येच बगायचं म्हंजी माणसानं जगायचं कसं?"

मी म्हटलं, "आणि बुजवून टाकल्यावर ज्यानं मारलं तो मोकळा?"

"आगं, असं प्रत्येक जागी लाल वतायचं म्हटलं तर आपल्या गावात पाय ठेवायला जागा ऱ्हाईल का?"

मला हसू आलं, तुलाही आलं. पण मी सोडलं नाही. आजोळच्या भिंतीला भूकंपाची भेग आहे, मामा दर दिवाळीला लिंपतो आणि दर पावसाळ्यात ती परत दिसते, हे मी तुला ऐकवलं. तू म्हणालास, "मग? परत लिंपायची. मामा काय थकलाय व्हय?"

आणि बोलता बोलता तू फोन फिरवलास. म्हणालास, "बग, आमालाबी वेढा पडलाय." वाटेवरचा चर मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला. कमरेएवढा खोल, पलीकडं आपली वाट तशीच पुढं गेलेली. तू हसत होतास. मी तिथं परक्या शहराच्या रस्त्यात उभी राहून मराठीत ओरडले, माणसं वळून बघायला लागली. म्हटलं, आत्ताच्या आत्ता आण्णांच्या दारात जा. पायरीवर उभा राहून विचार, चर कधी बुजवताय? भांड. गावाला ऐकू जाऊ दे.

"आण्णा म्हातारं झालंय, बाय," तू म्हणालास. "आबांच्या जागी हाय. बुजवंल की त्याच्या मनानं. तवर मी जातोय वड्याकडनं, माझं काय पाय झिजत्यात?"

वर मलाच काम दिलंस. "तिथल्या लोकांस्नी इचार. आता येकमेकांच्या दुकानात पाव घेत्यात का न्हाई? घेत असतील तर माझं खरं." मी विचारते म्हटलं. तेवढ्यात लाईट गेली, तू स्टार्टर बघायला उठलास आणि फोन बंद झाला.

मी विचारलं होतं, दादा. रविवारी सकाळी, मी उतरले होते त्या घराच्या मालकीणबाईंना, सेनादाबाईंना. साठीची बाई, वेढ्यात नवरा गेलेला. चौकातल्या बेकरीतून रोज गरम पाव आणतात. त्या म्हणाल्या, बेकरीवाला त्या वेळी डोंगरावर, वेढा घालणाऱ्यांत होता असं सगळे म्हणतात. पाव चांगला असतो त्याचा, म्हणून घेते. नाणी ठेवते, पाव उचलते. तोंडानं मात्र अजून एक शब्द बोललेले नाही. तो ज्या दिवशी स्वतः सांगेल, मी तिथं होतो, त्या दिवशी मी त्याला सुप्रभात म्हणेन. एवढं सांगून त्यांनी माझ्यापुढं लोणी सरकवलं.

हे तुला सांगायचं राहून गेलं. पुढच्या फोनला तू म्हशीच्या रेडकाचं काढलंस, मग तुला बघायला आलेल्या स्थळाचं. पोरीच्या बापानं विचारलं म्हणे, पुण्यात फ्लॅट आहे का, आणि तू म्हणालास, फ्लॅट न्हाई पर म्हस हाय. आपण दोघं पोट धरून हसलो आणि सेनादाबाई मागं पडल्या. आता उत्तर देते: पाव घेतात. पण म्हणून तुझं खरं ठरत नाही.

ऑगस्टमध्ये तुला साप चावला. संध्याकाळी नाही, चांगल्या उजेडात, वैरण काढताना. तूच संभाला फोन केलास. तो जीप घेऊन सुसाट आला आणि चरापाशी थांबला. चर पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. पलीकडं आपल्या रानातलं झाड दिसतंय, झाडाखाली तू बसलेला दिसतोयस, आणि जीप जात नाही. संभा पोहून आल्यासारखा चिखलानं माखून तुझ्यापर्यंत आला. मग वस्तीवरची खाट काढली, आणखी तिघं धावत आले, आणि चराच्या निसरड्या कडांवरून खाट उतरवता येईना म्हणून तुला खाटेवर घालून ओढ्याकडनं वळसा. तूच पाडलेली वाट ती. ओढ्याला पाणी, दोन्ही बाजूंनी ऊस, पात्यांनी सगळ्यांची तोंडं कापली. संभा सांगत होता, "सुरवातीला बोलत हुता गं. म्हणला, संभ्या, म्हशीला वैरण टाक, ती तशीच ऱ्हायलीय. मग पापण्या पडाय लागल्या. मग बोलणं वळंना." जीपमध्ये घातलं तेव्हा तू त्याचा हात धरला होतास. कराडच्या अलीकडं तुझा श्वास थांबला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी संभाला विचारलं, एवढा उशीर का? संभा खाली बसून रडला.

मी पोचले तिसऱ्या दिवशी, राख सावडायला सगळे निघाले होते तेव्हाच. पिशवी ओसरीवर टाकली आणि आईचा हात धरून चालायला लागले. आपली तीच वाट. मला चराची आठवणसुद्धा झाली नाही, कारण चर कुठं नव्हताच. एका जागी ताजा मुरूम लागला, चांगला दाबलेला. आणि दादा, मला वाटलं, कुणीतरी वाट नीट केलीय, बरं झालं, आईचा पाय मुरगळायचा नाही. मी मनातल्या मनात त्या माणसाला दुवा दिला. तिथून आत जाऊन मी तुझी राख हातात घेतली.

परत येताना संभानं मला मागं थांबवलं आणि पायाखाली बोट दाखवलं. म्हणाला, "हितं हुता चर."

तेव्हापासून माझ्या डोक्यात जे पेटलं ते अजून पेटलेलंच आहे. मी आण्णांचं घर पेटवायचं मनात आणलं, त्यांची पाइपलाइन टिकावानं फोडायचं मनात आणलं, त्यांचा ऊस वाळताना आपण बांधावर बसून बघायचं, असंही मनात आणलं. आणि हे सगळं मनात येताना मला बरं वाटत होतं, हेही तुला सांगते. तू असतास तर कानांवर हात ठेवले असतेस.

भावकीतली जाणती माणसं घरी येऊन बसली. म्हणाली, "झालं ते वंगाळ झालं. पर आण्णा काय साप सोडाय गेला हुता व्हय? मिटवा आता." आण्णाही त्यांच्यात होते, टोपी गुडघ्यावर ठेवून, सगळ्यांत जास्त दुःखी चेहऱ्यानं. मी म्हटलं, "मिटवते. चर कुणी उघडा ठेवला आन का ठेवला, एवढं आण्णांनी हितं सांगावं." कुणीतरी पावसाचा विषय काढला.

रात्रीची भाकरी टाकताना आई म्हणाली, "पोरी, तू जाशील इमानात बसून. मला हितंच ऱ्हायाचंय. उद्या मला ताप आला तर पानी कोन देनार हाय? हीच माणसं." खरंच होतं ते.

तरी मी ते केलंच. संभाला सिमेंट आणायला लावलं, आणि पायऱ्यांना लावतात तो लाल रंग. संभा कालवता कालवता म्हणत होता, "टॅक्टर गेला की फुटंल गं हे." मी म्हटलं, फुटू दे, परत घालू. आम्ही दोघांनी मुरूम उकरला आणि वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, चर जेवढा होता तेवढा, लाल पट्टा ओतला. दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा. कुणी म्हणालं, परदेशात शिकून पोरीचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, भानामती केलीय. बाया पोरांना कडेनं न्यायला लागल्या. आण्णा सकाळी आले, पट्ट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "ह्ये काय?"

"खूण."

"कशाची?"

"तुमीच सांगा, आण्णा."

त्यांनी पट्ट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. मला फार आनंद झाला. असा आनंद होऊ नये म्हणतात, पण झाला.

परवा तुझा तेरावा होता. आपल्या भावकीची रीत तुला माहीत आहे. पंगत बसली, की भावकीतल्या थोरल्या माणसानं मयताच्या घरच्यांना गोडाचा पहिला घास भरवायचा, मग सुतक फिटलं, मग सगळ्यांनी जेवायचं. थोरलं माणूस म्हणजे आण्णा. गावाला जेवण होतं. वाढून झालं, सगळ्यांच्या पानात पुरणपोळी, आणि आण्णा उठून माझ्यासमोर येऊन बसले. तुपात बुडवलेला पोळीचा तुकडा माझ्या तोंडापुढं धरला. मी तोंड उघडलं नाही.

अख्खी पंगत थांबली. मी म्हटलं, "आण्णा, आदी सांगा. मग खाते."

"काय सांगू?"

"चर का ठेवला हुता?"

"पाइपलाइनीचा हुता. ऱ्हायला."

"तिरडी जायची म्हटल्यावर तासात बुजला की."

भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "ये पोरी, पानावर असं बोलू नये." मी तिकडं बघितलंसुद्धा नाही. आण्णांचा हात तसाच पुढं. तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. मला त्या हाताची दया आली आणि दया आल्याचा भयंकर राग आला. सायकल धरून माझ्यामागं पळणारा हात तोच. मला वाटलं आता मी हरणार.

तेव्हा आई उठली. तुझी आई, दादा, जिनं उभ्या जन्मात थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आवं भावजी, सांगा की. मलाबी ऐकायचंय."

आण्णांनी घास खाली घेतला. पानाकडं बघत राहिले. मग बोलले, ते पंगतीच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"ठेवला. मुद्दाम ठेवला. मला वाटलं, येईल. दारात येऊन म्हणंल, आण्णा, चर बुजवा की. निस्तं येवढं म्हणला असता तर त्याच दिशी बुजवला असता, आईशप्पत. रोज सकाळी मी कट्ट्यावर बसून वाट बगायचो. त्यो वड्याकडनं जायचा. वर तिकडनंच हात करून हसायचा. भांडाय बी आला न्हाई."

एवढं बोलून म्हातारा हमसून हमसून रडायला लागला.

मला हवं होतं ते वाक्य मिळालं, दादा. चार माणसांत काय, चारशे माणसांत मिळालं. आणि लगेच पंगतीतून आवाज आला, "बोलला की गं आण्णा. आजून काय पायजे? घे घास." माणसांचे खांदे सैल पडले. कुणीतरी आमटी मागितली. ज्या वाक्यासाठी मी दहा दिवस जळत होते ते त्यांनी एका घोटात पिऊन टाकलं.

पण माझ्या कानात दुसरंच अडकलं होतं. तू एकदा गेला असतास तर. हात जोडून जा, नाहीतर शिव्या देत जा, कसाही. त्या पायरीवर एकदा उभा राहिला असतास तर त्याच दिवशी चर बुजला असता आणि ऑगस्टमध्ये संभाची जीप सरळ झाडाखाली आली असती. मी त्या रस्त्यात उभी राहून तुला घसा फोडून सांगत होते. तू हसत होतास. तू आबांची लाज राखलीस, आण्णांचं म्हातारपण राखलंस, गावात चांगला म्हणवून घेतलंस आणि आईला एकटी ठेवून गेलास. तूच मला औंधला यमाईच्या देवळाच्या पायऱ्यांवर म्हणाला होतास ना, "तू जा बिनघोर शिकायला, आईपाशी मी हाय." मी त्या शब्दावर गेले. तुझ्या जिवावर मी जग बघितलं, एका लढाईतून उठलेलं शहर तुझ्यासकट बघितलं, आणि त्याबद्दल तुझे किती उपकार मानू हे मला कळत नाही. पण तो शब्द तू पाळला नाहीस. दोन माणसांच्या मधल्या अबोल्यात मेलास तू, साप तर नुसतं निमित्त.

आण्णांनी पुन्हा हात पुढं केला. मी शब्द दिला होता, सांगितलंत तर खाते. म्हणून मी तोंड उघडलं. घास घेतला, चावला, गिळला. पुरण चांगलं झालं होतं. आईनंही घेतला. मग सगळे जेवले.

आण्णांना मी माफ केलेलं नाही. आणि दादा, तुलाही नाही.